बोरोबुदूरच्या पायथ्याचा दगड

परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाकडून घरच्यांच्या दोनच अपेक्षा असतात. दर महिन्याला पैसे वेळेवर यावेत आणि अधूनमधून एखाद्या प्रसिद्ध ठिकाणचा फोटो यावा. फोटो शेजारीपाजारी दाखवता येतो, मुले शाळेत नेतात, म्हाताऱ्यांना बरे वाटते. त्यात गैर काही नाही. पण १९५६ साली ज्या समाजाने आपला धम्म परत मिळवला, त्या समाजातल्या माणसांनी परक्या देशात तथागतांची एवढी मोठी वास्तू पाहिली, तर फोटोवर काम भागत नाही असे आम्हाला वाटते. तिथे काय पाहिले, काय पटले आणि काय पटले नाही, याचा जमाखर्च समाजबांधवांपुढे मांडला पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तिघे महाराष्ट्रातले. एक नागपूरकडचा तरुण फिटर, एक सोलापूरकडचे वडीलधारे जॉबर आणि एक स्टोअरचा हिशेब ठेवणारा कारकून. इंडोनेशिया देशातील जावा बेटावर सेमारांग नावाचे मोठे बंदर आहे. त्या शहराजवळच्या एका सूतगिरणीत आम्ही कराराने काम करीत होतो. तिघेही बौद्ध असल्यामुळे एकाच खोलीत बिऱ्हाड थाटले होते. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली गॅसची शेगडी, कोपऱ्यात तांदळाचे पोते, असा संसार. तिकडचे एक लाख रुपिया म्हणजे तेव्हा आपले पाचशे-सव्वापाचशे रुपये. पगाराचा आकडा रुपियात सांगितला की गावाकडची माणसे आम्हाला करोडपती समजत आणि लग्नकार्याला उसने मागत!

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातली ही गोष्ट. इकडे वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले आणि घरची मंडळी फोनवर आज कुठपर्यंत वाचन झाले ते सांगत. आम्हीही रात्रपाळी नसेल त्या दिवशी दोन-चार पाने वाचत असू. बोरोबुदूर आमच्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे हे ठाऊक होते, पण रविवारची सुटी कपडे धुण्यात आणि झोपेत जाई. शेवटी एका रविवारी निश्चय केला.

गिरणीतल्या मेंटेनन्स खात्यातले एक जावानीज सहकारी आमच्याबरोबर यायला तयार झाले. त्यांना आम्ही 'पाक' म्हणत असू. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बापाक' म्हणतात, त्याचेच हे लहान रूप. आपल्या 'बाप' शब्दाच्या जवळचे असल्यामुळे ते आमच्या तोंडी लगेच बसले. पाक मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारे. त्यांच्या मुलाने मोबाईलवरून आमची तिकिटे आधीच काढून ठेवली, कारण तेव्हा बोरोबुदूरवर चढायला रोज १२०० माणसांनाच परवानगी मिळत होती. पूर्वी माणसांच्या लोंढ्याने पायऱ्यांचे दगड झिजू लागले, म्हणून हा नियम केला होता.

पहाटे साडेपाचला पाकच्या गाडीतून निघालो. डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा होता. सेमारांगचा दमट उकाडा मागे पडला, उंगारानचा चढ लागला आणि हवा थंड झाली. दोन्ही बाजूंना भातखाचरे. कमरेत वाकून लावणी करणाऱ्या बायका पाहिल्या आणि फिटर म्हणाला, "आपल्या भंडाऱ्याकडं आल्यासारखं वाटतं हो." मागेलांग शहर ओलांडून साडेआठच्या सुमारास मेंदुत गावी पोहोचलो.

मेंदुत, पावोन आणि बोरोबुदूर ही तीन बौद्ध स्थळे जवळजवळ एका सरळ रेषेत आहेत. मेंदुतपासून बोरोबुदूर सुमारे तीन किलोमीटर. वैशाख पौर्णिमेला तिकडचे बौद्ध लोक मेंदुतपासून बोरोबुदूरपर्यंत मिरवणूक काढतात. त्या देशात शंभरात एकसुद्धा माणूस बौद्ध नाही, तरी वैशाख पौर्णिमेला १९८३ सालापासून राष्ट्रीय सुटी आहे. मिरवणूक जिथून निघते तिथूनच आपणही सुरुवात करावी असे ठरवले.

मेंदुतचे मंदिर बाहेरून फार मोठे नाही. पण आत शिरलो आणि आम्ही तिघेही गप्प झालो. अंधारात तीन मीटर उंचीची, एकाच दगडातली बुद्धमूर्ती. भगवान मांडी घालून बसलेले नाहीत, तर आसनावर पाय खाली सोडून बसले आहेत आणि हात धम्मचक्रप्रवर्तनाच्या मुद्रेत आहेत. ज्यांनी वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे पाहिले आहे, त्यांना ही बैठक चटकन ओळखू येईल. तिथेही स्तूपापुढे भगवान असेच पाय सोडून बसले आहेत. जॉबरकाका शाळेच्या सहलीत वेरूळला गेले होते. ते हळूच म्हणाले, "अरे, हे तर आपल्याकडचंच बसणं."

मंदिराच्या जिन्याच्या कडेला गोष्टी कोरल्या आहेत. त्यातली एक आपली मुले पहिली-दुसरीत वाचतात. दोन हंसांनी काठी धरली आहे आणि काठीला तोंडाने धरून कासव आकाशात चालले आहे. पुढे ते बोलायला तोंड उघडते आणि पडते. ही जातककथाही आहे. आम्ही फोटो काढून लगेच घरी पाठवला. पाचच मिनिटांत लेकीचा निरोप आला, "बाबा, आमचं कासव तिकडे कसं गेलं?" याचे उत्तर समुद्राला ठाऊक आहे. आपल्या देशाची गलबते जावाला जात होती आणि तिकडची इकडे येत होती. मालाबरोबर भिक्खू गेले, ग्रंथ गेले आणि गोष्टीही गेल्या.

मेंदुतच्या शेजारी एक बुद्धविहार आहे. तिथे एक स्थानिक कुटुंब वंदनेला बसले होते. आजी, सून, दोन नातवंडे. त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही मागे बसून त्यांच्याबरोबर म्हटले. चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, पण शब्द तेच पाली. वंदना झाल्यावर आजींनी वळून पाहिले. कुठले, असे विचारले. आम्ही 'इंडिया' म्हणालो. त्यांनी दोन्ही हात जोडले. भाषा येत नव्हती, त्यामुळे पुढचे बोलणे झाले नाही. पण घर सोडून वर्ष झाले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपण परक्या ठिकाणी नाही असे वाटले.

दहाच्या सुमारास बोरोबुदूरला पोहोचलो. तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक जोडी सपाता मिळाल्या. केवड्याच्या जातीच्या पानांपासून गावकऱ्यांनी विणलेल्या. दगड झिजू नयेत म्हणून वर चढताना याच घालायच्या. त्यांना तिथे 'उपानात' म्हणतात. पालीत पादत्राणाला 'उपाहना' म्हणतात, तोच हा शब्द. परत जाताना त्या घरी नेता येतात.

गटाबरोबर वाटाड्या असतो. आमचा वाटाड्या शांत आणि माहीतगार गृहस्थ होता. त्याने आधी आकडे सांगितले, आणि आमच्यात एक हिशेबनीस असल्यामुळे ते टिपून घेतले गेले. शैलेंद्र घराण्याच्या काळात, आठव्या-नवव्या शतकात, ही वास्तू बांधली गेली. नैसर्गिक टेकडीवर रचलेला सुमारे ५५,००० घनमीटर दगड, आणि तोही चुन्याशिवाय, खाच्यात खाचा बसवून. खाली सहा चौकोनी मजले, त्यावर तीन गोल चबुतरे, त्यांवर जाळीचे ७२ स्तूप आणि मध्ये मोठा स्तूप. कोरीव शिल्पपट्ट २,६७२. बुद्धमूर्ती मुळात ५०४. त्यांपैकी तीनशेहून अधिक भंगलेल्या आहेत, बहुतेकांची मस्तके गेली आहेत, आणि ४३ मूर्ती नाहीशाच झाल्या आहेत. १८९६ साली सयामच्या राजाला डच सरकारने इथली शिल्पे भेट म्हणून दिली, ती आठ गाड्या भरून गेली. मालक परका असला की घरातली भांडी अशीच वाटली जातात.

पूर्वेच्या जिन्याने वर चढलो आणि वास्तू उजव्या हाताला ठेवून पहिल्या सज्जातून चालू लागलो. इथे 'ललितविस्तर' या ग्रंथाप्रमाणे १२० पट्टांत भगवानांचे चरित्र कोरले आहे. तुषित लोकापासून सारनाथच्या पहिल्या प्रवचनापर्यंत. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्येही त्यात आहेत. तिथे फिटर थांबला. म्हणाला, "बाबासाहेबांनी तर हे मानलं नाही." खरेच आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूस किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असे बाबासाहेबांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडले आणि गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात दाखवले. एवढ्या सुंदर शिल्पापुढे हात जोडून उभे राहायचे आणि त्याच वेळी डोके चालू ठेवायचे, ही शिकवण आम्हाला बाबासाहेबांकडून मिळाली आहे. पुढे दुपारी तिची फारच गरज पडली.

वर गोल चबुतऱ्यांवर पोहोचलो तेव्हा पूर्वेला मेरापी ज्वालामुखी स्वच्छ दिसत होता. खालच्या मजल्यांवर एवढी चित्रे, आणि इथे एकही नाही. नुसते स्तूप, आकाश आणि वारा. जाळीच्या आत एकेक बुद्धमूर्ती. एका जाळीतल्या मूर्तीला लोक 'कुंतो बिमो' म्हणतात. जाळीतून हात घालून मूर्तीला स्पर्श केला की मनातली इच्छा पूर्ण होते अशी समजूत. आता हात घालायला मनाई आहे. 'बिमो' म्हणजे महाभारतातला भीम. हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांना आपल्याकडे पांडवलेणी म्हणतात. बुद्धाचे नाव विसरले की पांडव येऊन बसतात, तिकडेही आणि इकडेही. इतिहास ज्याचा त्याने सांगितला नाही तर दुसरा कुणीतरी सांगतो.

पाकने तिथे एक गोष्ट सांगितली. २०१० साली मेरापीचा उद्रेक झाला आणि ही सारी वास्तू राखेने झाकली गेली. ती राख आम्लधर्मी, दगड खाणारी. तेव्हा कामगारांबरोबर आसपासचे गावकरी ब्रश आणि झाडू घेऊन आले. पाकचे मामेभाऊही त्यांत होते. बहुतेक सारे मुसलमान. "ज्यांनी बांधलं ते आमचेच आजे-पणजे होते," पाक साधेपणाने म्हणाले. १९८५ साली इथे बाँबस्फोट करून नऊ स्तूपांची नासधूस करण्यात आली होती, हेही त्यांनीच सांगितले. एकाच समाजात तोडणारेही असतात आणि राख झाडणारेही. कोणाला मोजायचे ते आपण ठरवायचे.

खाली उतरून वाटाड्याने आम्हाला आग्नेय कोपऱ्यात नेले. आमच्या दृष्टीने सहलीतला खरा मुक्काम हा. बोरोबुदूरचा मूळ पायथा आज दिसत नाही. बांधकाम चालू असतानाच त्याच्या भोवती दगडांचा मोठा थर रचून तो झाकून टाकला. वरचे ओझे पेलेना, पाया सरकू नये म्हणून हे केले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. हजार वर्षे कोणाला पत्ता नव्हता. १८८५ साली तो पायथा सापडला. १८९० आणि १८९१ मध्ये थोडे थोडे दगड काढून त्यावरच्या १६० शिल्पपट्टांचे फोटो घेतले आणि पुन्हा दगड लावून टाकले. ते फोटो घेणारा कासियान सेफास हा जावाचाच माणूस होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमल असताना हा एक कोपरा उघडला, तो तसाच ठेवला आहे. बाकीच्या पट्टांचे फोटो आवारातल्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

वरच्या मजल्यांवर राजे, बोधिसत्त्व, अप्सरा. पायथ्याला मात्र आपल्यासारखी माणसे. कोणी मासे घेऊन चालले आहे, कोणी चूल पेटवते आहे, कोणी आजाऱ्याचे डोके दाबते आहे, कोणी भांडते आहे, कोणी दान देते आहे. विषय आहे कर्म आणि त्याचे फळ. ग्रंथाचे नाव 'कर्मविभंग'. या जन्मी मासे उकळणारा पुढे नरकातल्या कढईत उकळतो, दान देणारा पुढे श्रीमंत होतो, अशी मांडणी. काही पट्टांच्या वर जुन्या जावानीज लिपीत एखाद-दुसरा संस्कृत शब्द कोरला आहे. वाटाड्याने एका शब्दावर बोट ठेवले आणि वाचून दाखवला, "विरूप."

खाली वेडेवाकडे चेहरे कोरलेली माणसे बसली होती. वाटाड्या म्हणाला, "मागच्या जन्मी ज्यांनी द्वेष केला, रागराग केला, ते या जन्मी असे कुरूप होतात." त्याने ग्रंथात आहे तेच सांगितले. त्याच्या बोलण्यात कोणाचा अपमान नव्हता. पण आमच्यातल्या तरुणाचा चेहरा उतरला. तो बराच वेळ बोलला नाही. मग मराठीत म्हणाला, "दादा, आमच्या आज्याला गावात हेच सांगत होते. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या घरात जन्मलास. ते सोडून आपण इकडं आलो, आणि इकडंपण तेच लिहिलंय?"

वाचकहो, हा प्रश्न सोपा नव्हता. तिथे तो ऐकला तेव्हा पोटात खड्डा पडला. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या एका वाक्याखाली आयुष्ये काढली, ते वाक्य आपल्याच धम्माच्या जगातल्या सर्वांत मोठ्या स्मारकाच्या पायात सापडावे, याचा अर्थ काय लावायचा? डोळेझाक करून "चला, जेवायची वेळ झाली" म्हणणे शक्य होते. पण मग वर्षावासात ग्रंथ वाचतो ते कशासाठी?

आम्ही तिथेच कठड्याशी बसलो. जॉबरकाकांनी बाबासाहेबांच्या ग्रंथातला कर्मावरचा भाग आठवून सांगितला. बाबासाहेबांनी हाच प्रश्न ग्रंथाच्या प्रस्तावनेत उघडपणे विचारला आहे. बुद्धांनी आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय? पुढे त्यांनी स्पष्ट मांडले की गेल्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मीचे दारिद्र्य असे मानले, तर गरिबांच्या आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी सरकारवर आणि समाजावर राहतच नाही. असा अमानुष सिद्धान्त महाकारुणिक बुद्धांचा असू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बुद्धांचा कम्मनियम म्हणजे या जगाची नैतिक व्यवस्था. माणसे चांगली वागली तर ती सुधारते, वाईट वागली तर बिघडते, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी माणसाचीच आहे, कोण्या देवाची नाही.

आणि बुद्धांची कृती पाहा. सुनीत हा रस्ते झाडणारा. त्याला भगवानांनी "तुझे मागचे कर्म" असे सांगून पुढे पाठवले नाही, संघात घेतले. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. जन्माने मिळालेली जागा ही कर्माची शिक्षा आहे असे मानणारा माणूस असे करील काय?

फिटर ऐकत होता, पण त्याची नजर दगडावरच होती. त्याने वाटाड्याला विचारले, "हा शब्द इथं कोरला कशाला? बाकीच्या ठिकाणी का नाही?" वाटाड्याने सांगितले की हे शब्द म्हणजे कारागिरांसाठी लिहिलेल्या सूचना असाव्यात असे अभ्यासकांचे मत आहे. कोणत्या पट्टावर काय कोरायचे ते वर थोडक्यात लिहून द्यायचे आणि काम झाल्यावर शब्द तासून टाकायचे. पण पायथा मध्येच झाकावा लागला, म्हणून काही पट्ट अर्धवट राहिले आणि काही शब्द पुसायचे राहून गेले.

फिटरचा चेहरा एकदम बदलला. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे हे जॉबकार्ड आहे!"

गिरणीत मशीन उघडण्याआधी आमच्या हातात जॉबकार्ड पडते. कोणते काम, कोणता नंबर, काय बदलायचे. ते वरून लिहून येते. फिटर ते करतो. बाराशे वर्षांपूर्वी कोणी मुकादमाने दगडावर 'विरूप' लिहिले आणि कोणा पाथरवटाने त्याखाली वाकडे चेहरे कोरले. तो शब्द त्या चेहऱ्यांच्या नशिबाने लिहिला नाही, कर्मानेही लिहिला नाही. हातात अधिकार असलेल्या एका माणसाने लिहिला आणि हातात छिन्नी असलेल्या दुसऱ्या माणसाने अंमलात आणला.

आमच्या कपाळावरचेही असेच झाले नाही काय? अस्पृश्य, नीच, विरूप हे शब्द कोणीतरी वरून लिहून दिले. काम पूर्ण झाल्यावर लिहिणाऱ्यांनी आपला हात लपवला आणि सांगितले की हे तुमच्या मागच्या जन्माचे आहे. बाबासाहेबांनी आमच्यासाठी केले ते हे की वरचा दगड बाजूला सारून ते अक्षर दाखवले. हे माणसाने लिहिले आहे, म्हणून माणसाला पुसता येते, असे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी ते पुसले.

आम्ही तिथल्या बौद्धांशी वाद घालायला गेलो नव्हतो. जगातले अनेक बौद्ध बांधव कर्म आणि पुनर्जन्म आपापल्या परंपरेप्रमाणे मानतात. त्यांनी हा धम्म शेकडो वर्षे सांभाळला, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मेंदुतच्या आजींपुढे हात जोडताना आमच्या मनात आदरच होता. पण परंपरेबद्दल आदर बाळगणे वेगळे आणि आपली विवेकबुद्धी तिच्या पायाशी ठेवणे वेगळे. आमच्यासाठी हा मुद्दा पोथीतला नाही. आमच्या घरातल्या मुलांनी स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचा आहे.

त्याच पट्टांकडे आम्ही नंतर पुन्हा पाहिले. संग्रहालयात जाऊन बाकीचे फोटोही पाहिले. आता त्यात वेगळे दिसू लागले. आजाऱ्याच्या अंगावरून फिरणारा हात दिसला. मासे नेणाऱ्याची वाकलेली पाठ दिसली. ज्याने हे कोरले, त्याने राजवाडा पाहिला असो वा नसो, बाजार आणि चूल नक्की पाहिली होती. त्याचे नाव कुठेच नाही. एवढ्या मोठ्या वास्तूचा हजेरीपट शिल्लक नाही. पण त्याने आपली माणसे दगडात ठेवली.

दुपारी झाडाखाली डबा सोडला. पाक नमाज पढून आले आणि त्यांच्या घरून आणलेले तेंपे आमच्यापुढे ठेवले. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून खातात. त्यांनी आमचा ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत हसले. शेजारी खेळणी आणि टोप्या विकणारे बसले होते. १९८० नंतर इथे उद्यान करताना स्मारकाला लागून असलेली वस्ती हलवण्यात आली. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना ते दुःख समजावून सांगायला नको. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत युनेस्कोच्या मदतीने इथले दहा लाखांहून अधिक दगड काढून, धुऊन, परत जागेवर बसवले. ते कामही हातांनीच झाले. पाहायला येणारे स्तूप पाहतात. मजूर दगडाकडेही पाहतो आणि तो कोणी उचलला असेल असे मनात म्हणतो.

पाकने आम्हाला विचारले, "त्या कोपऱ्यात एवढा वेळ काय बोलत होता?" मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मानुसिया यांग तुलिस." म्हणजे, माणसाने लिहिले. तिकडे माणसाला 'मानुसिया' म्हणतात. शब्द आपलाच, मनुष्य.

रात्री आठला खोलीवर परतलो. फिटरने घरी फोन लावला. त्याच्या म्हाताऱ्या आईने विचारले, "काय पाहिलं बाबा?" त्याने स्तूप सांगितले, ज्वालामुखी सांगितला, आणि मग सांगितले, "आई, आज्याला जे सांगत होते ना, ते खोटं होतं. मी दगडावर बघून आलो." ती माउली एवढेच म्हणाली, "ते आम्हाला छप्पन सालीच कळलं होतं रे. तुला आज कळलं ते बरं झालं."

आता करार संपवून आम्ही परत आलो आहोत. त्या दिवसातून जे शिकलो, त्यावरून समाजबांधवांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपली मुले आज नोकरीनिमित्त जपान, थायलंड, श्रीलंका, इंडोनेशिया अशा देशांत जातात. त्यांनी तिथल्या बौद्ध स्थळांना अवश्य जावे, तिथल्या उपासकांबरोबर वंदना म्हणावी आणि जे पटत नाही त्याची टिपणेही करून आणावीत. ज्यांना परदेश शक्य नाही त्यांनी वेरूळ, अजिंठा, कान्हेरी, कार्ले, नाशिक ही आपल्या दारातली लेणी मुलाबाळांसह पाहावीत. सहलीला निघण्यापूर्वी विहारात तासभर बसून त्या लेण्याची माहिती वाचावी, म्हणजे मुलांना पांडवांच्या गोष्टींवर परत यावे लागणार नाही. आणि येत्या वर्षावासात ग्रंथवाचन होईल तेव्हा कर्मावरचा भाग घाईने उरकू नये. तो तरुणांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात आम्ही तसे करणार आहोत.

घरात आजही कधी मूल परीक्षेत नापास होते, सुनेला मूल होत नाही, म्हाताऱ्याला लकवा येतो, आणि कोणीतरी पटकन म्हणते, "मागच्या जन्माचे भोग." हे वाक्य आपल्या घरातून गेले पाहिजे. नापास झालेल्या मुलाला शिकवणी लागते, आजाऱ्याला दवाखाना लागतो, गरिबाला मजुरी लागते. या गोष्टी माणसांच्या हातात आहेत, म्हणून त्या मागता येतात आणि मिळवता येतात.

उपानातांची ती जोडी आज आमच्या विहाराच्या कपाटात आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी रविवारी वंदनेच्या वेळी यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!